दोरीपर्यंत

१

मी एकोणतीस वर्षं मोजणीच्या नोकरीत काढली. साखळी ओढली, टेप ओढला, शेवटी शेवटी ते तीन पायांचं मशीनही चालवलं. म्हणून आधीच सांगून ठेवतो, माप चुकलं असेल असं मला कुणी म्हणू नये. लोक तेच म्हणायला येतात आणि मी चिडतो. आई म्हणायची, "गोरख, पावण्याला च्या तरी पिऊ दे, मग भांड."

आमचं घर कुकडीच्या काठाला, ओझरच्या अलीकडे, गावापासून सुटं, वावरातच. दगडी पाया, विटांच्या भिंती, वर पत्रा. निवृत्त झाल्यावर मी इथे राहायला आलो, कारण तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायू झाला. त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. नदीकडच्या खोलीत लोखंडी कॉटवर ते पडून असायचे. आई कुशाबाई ऐंशीच्या पुढची. बायको भोसरीला मुलाकडे, नातवासाठी. असे घरात आम्ही तिघे.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात नदी आमच्या काठाला लागली. वर घाटाकडे, मढच्या बाजूला पाऊस झोडपायला लागला की वरच्या धरणातून पाणी सोडतात, मोबाइलवर मेसेज येतो, माणसं नदीतल्या पाण्याच्या मोटारी वर ओढून घेतात. पाणी चढताना काठाला काही होत नाही. ते उतरायला लागलं की भिजलेली माती आधार सोडते आणि ढासळते. मी रोज सकाळी सातला घराच्या कोपऱ्यापासून काठापर्यंत टेप लावायचो. पहिल्या दिवशी बावन्न फूट भरले. संध्याकाळी पाचला काठापासून दोन फूट आत खुंट्या ठोकायच्या आणि घरासमोरच्या शंभर फुटांत सुतळी ताणायची. सकाळी किती गेलं ते कळतं, आणि आई शेण टाकायला तिच्या पलीकडे जात नाही. एवढाच माझा कार्यक्रम होता.

२

दुसऱ्या दिवशी पन्नास भरले. तिसऱ्या दिवशी अठ्ठेचाळीस.

मला आधी काही खटकलं नाही. चौथ्या दिवशी मी खुंट्या उपटायला वाकलो तेव्हा लक्षात आलं, की खुंट्या पडलेल्या नाहीत. तिन्ही सकाळी त्या जागच्या जागी उभ्या होत्या, अगदी कडेवर, आणि सुतळी ताठ होती. सुतळीच्या पलीकडची माती गेली होती, अलीकडचं ढेकूळही हललं नव्हतं.

नदी असं कापत नाही. मी हजारो काठ पाहिलेत. पाणी माती खातं ते घास घेतल्यासारखं, कुठे खोल, कुठे उथळ, मधे एखादं मूळ लोंबत ठेवून. हा काठ शंभर फूट एका रेषेत होता. मी पोटावर पडून खाली डोकावलो. कापलेल्या मातीवर आडवी चकाकी होती, लोखंड घासून गेल्यावर ओल्या काळ्या मातीला येते तशी.

मी स्वतःला समजावलं. खुंट्या ठोकताना माती हादरते, त्या रेषेत भेग पडते, रात्री पाणी उतरतं, भेगेपासून काठ सुटतो. चांगलं शास्त्रीय कारण होतं. मी ते आईलाही सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"मंग नको ना ठोकू खुट्ट्या," ती म्हणाली.

"मग मोजायचं कसं?"

"मोजून काय करनार हाईस तू?"

तेवढ्यात बाहेर मुळ्या तुटल्याचा आवाज आला, लांब, एकसारखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी ओट्यावर गेलो. पावसाची भुरभुर होती. काठ तसाच होता आणि पाणी तांबडं, फुगलेलं. आत आलो तर आईचे हात परातीत थांबले होते.

"बैलं हायत कुनाची तरी," ती म्हणाली.

त्या बाजूला बैल कुठून येणार? तिकडे पाणी होतं.

३

आता हे सांगायला हवं. आमच्या आणि नदीच्या मधे पूर्वी एक वावर होतं. धर्माजीचं. सव्वा एकर, गाळाची माती, हरभरा पेरला तर गुडघ्याला लागायचा. धर्माजीचं घराणं छप्पन्नच्या पुढच्या सालात बौद्ध झालं. त्यांच्याकडे ती एवढीच जमीन होती. आमचं वावर वरच्या अंगाला, त्यांचं खाली, मधे बांध.

तात्या दर वर्षी नांगरताना तो बांध कोरायचे. एका वर्षी एक तास, म्हणजे नांगराच्या एका फेरीची रुंदी. कुणाच्या डोळ्यात येत नाही. मी त्या बैलांच्या पुढे चालायचो आणि तात्या मागून नुसते "डाव्या हाताला" म्हणायचे. आधी आई आणि तात्या सुतळी धरायचे, तिच्या कडेने बैल जायचे, रेषा अशी सरळ की बघणाऱ्याने म्हणावं, बांध पहिल्यापासून इथेच होता. वीस वर्षांत वरून आम्ही आणि खालून नदी, असं मिळून ते वावर संपलं.

मी नोकरीला लागल्यावर धर्माजी मोजणीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आला. टोपी हातात धरून उभा राहिला. हद्दीचा दगड कुठे पुरलाय ते मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "दगड सापडत नाही, नंतर बघू." तो अर्ज मी फायलींच्या तळाला घातला. धर्माजी वारला तेव्हा मी मातीला गेलो होतो, पुढच्या रांगेत उभा होतो. मला लाज वाटली नव्हती. आता वाटते.

सातव्या दिवशी सकाळी तात्यांना पुसायला गेलो. त्यांचं तोंड खिडकीकडे होतं. जबडा हलत होता. तीन वर्षं त्या तोंडातून नीट शब्द निघाला नव्हता. मी कान लावला. श्वासासोबत जीभ टाळूला लागल्याचा आवाज येत होता, बैलांना चुचकारताना करतात तो. चेहऱ्यावर मात्र दुखणं नव्हतं. कामातला चेहरा होता.

४

आठव्या दिवशी मी परीक्षा घ्यायची ठरवली. काठावर एक करंजाचं झाड होतं. सुतळी सरळ न ताणता मी ती झाडाच्या पलीकडून, नदीच्या अंगाने वळवून घेतली, तीन जादा खुंट्या ठोकून.

सकाळी काठाने तेच वळण घेतलं होतं. करंज उभा होता. बाकी सगळीकडे दोन फूट गेले होते, आणि झाडाभोवती काठ सुतळीप्रमाणे पुढे आलेला होता.

मी हसलो. खरं सांगतो, मला आनंद झाला. नदी माझं ऐकत होती! आणि लगेच डोक्यात लबाडी आली. ती आमच्या रक्तातच आहे. सुतळी अगदी कडेवर लावली, तिच्या पलीकडे माती ठेवलीच नाही, तर तिने कापायचं काय? त्या संध्याकाळी मी काठाच्या ओठावर खुंट्या ठोकल्या, इतक्या कडेला की एक निसटून पाण्यात पडली. दुसरी ठोकली. घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

सकाळी सुतळी दहा फूट आत होती.

खुंट्या माझ्याच होत्या. गाठ माझी नव्हती. मी दोन वेढे घेऊन साधी गाठ मारतो. ही बैलांच्या जुवाला बांधतात तशी होती, मला ती येत नाही. काठ अजून शाबूत होता. मी सुतळी सोडली, खुंट्या उपटल्या, सगळं चुलीत घातलं आणि ओट्यावर येऊन बसलो. काठावरून डोळा हलवला नाही.

साडेदहाला ते झालं. पाऊस थांबला होता, ऊनही पडलं होतं. डाव्या टोकाला मुळी तुटली. मग माती सावकाश उलटी होत गेली, माणूस चालतो त्या गतीने, उजव्या टोकापर्यंत. मग पुन्हा डावीकडून, हातभर आत. दहा फूट जाईपर्यंत माझा चहा गार झाला. सुतळी जिथे होती तिथे येऊन ते थांबलं. करंजाचं झाड पाण्यात आडवं होताना आवाजसुद्धा झाला नाही.

घरात आलो. आईला विचारलं, "आई, रात्री सुतळी कुणी हलवली?"

"मी धरलं व्हतं टोक," ती म्हणाली. तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. "ह्यांनी हाक मारली, मी गेले. दुसरं टोक ह्यांच्याकडं व्हतं."

"तात्या कॉटवरून उठत नाहीत, आई."

"ते मला कशाला सांगतूस?" ती म्हणाली. "मी त्यांची बायको हाय."

म्हाताऱ्या माणसाला भास होतात, पावसात बाहेर जाते, गाठी मारते. असं म्हणून मी विषय सोडला. तिच्या लुगड्याचा काठ ओला होता, ते मला दिसलं होतं.

५

दुपारी मी चांगदेवकडे गेलो. चांगदेव म्हणजे धर्माजीचा मुलगा. माझ्याहून चार वर्षांनी लहान, शाळेवर शिपाई होता, आता एक ट्रॅक्टर आहे, भाड्याने चालवतो. त्याच्या दारात मी आयुष्यात पहिल्यांदा उभा राहिलो. त्याची बायको केशरबाई हिने खुर्ची टाकली. चहा आला. मी तो भांडण न करता प्यायलो.

मग मी सगळं बोलून टाकलं. बांध, सुतळी, अर्ज, सगळं. शेवटी म्हणालो, "चांगदेवा, तुझा बाप आलाय. त्याचं तो परत घेतोय. मी कागद करून देतो, राहिलेलं वावर तुझ्या नावावर करतो. त्याला सांग थांबायला."

भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, चांगदेव तिच्याकडे पाहत होता की तिच्या पलीकडे, कळलं नाही.

"गोरखभाऊ," तो म्हणाला, "भूत-बित मला सांगू नका. आमच्या घरात ते सोडून लई वर्सं झाली. आनि माझ्या बापाचं म्हनाल, तर त्याच्याकडं बैल कदी नव्हतंच. आमी ते वावर फावड्यानं करायचो. नांगर त्यानं जन्मात धरला न्हाई."

"मग आवाज?"

"आवाज मलाबी येतो. चार दिवस झाले, पार पुलापर्यंत येतो." त्याने हाताने दिशा दाखवली. "पन तो नदीकडनं येत न्हाई, भाऊ. तुमच्या घराकडनं नदीकडं जातो, आनि परत येतो."

मी खुर्चीवरून उठलो. चांगदेव रस्त्यापर्यंत आला.

"कागद ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "तात्यांला आनि काकूंला तेवढं भाईर काढा. सकाळी मी ट्रॉली घेऊन येतो. आमची वरची खोली मोकळीच हाय."

मला रडू आलं. पाऊस पुन्हा लागला होता, मी ते त्याच्यावर ढकललं.

६

त्या रात्री पावसाने कहर केला. मी सुतळीचं उरलेलं बंडल कपाटात घातलं, कुलूप लावलं, किल्ली कमरेला. आईला माझ्या खोलीत झोपवलं आणि दाराला खाट लावून तिच्यावर बसून राहिलो. पहाटे मला डुलकी लागली असणार.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. आई जागेवर होती, भिंतीकडे तोंड करून. किल्ली कमरेला होती. सुतळी माझ्या पायांच्या वीतभर पुढून गेली होती.

ती खिडकीच्या गजाला बांधलेली होती. माझ्या खोलीतून निघून, मधल्या उंबऱ्यावरून, तात्यांच्या दाराला लागून, स्वयंपाकघर पार करून पलीकडच्या भिंतीतल्या खुंटीपर्यंत ताठ गेली होती. तिने घराचे दोन भाग केले होते. रस्त्याकडच्या भागात आम्ही दोघं होतो आणि नदीकडच्या भागात तात्यांची खोली.

मी काडीने सुतळी जाळली. जाळून उपयोग नाही हे मला कळत होतं.

नऊला चांगदेवचा ट्रॅक्टर वाजला. तोवर काठ आणि घर यांच्यात पाच पावलंही उरली नव्हती, आणि नांगराचं पुढचं तास सुरू झालं होतं. मुळ्या तुटायचा आवाज आता पायांतून वर येत होता. आईला आधी ट्रॉलीत बसवलं. ती मुकाट्याने गेली. मग मी आणि चांगदेव तात्यांच्या खोलीत शिरलो. मी डोक्याकडून कॉट उचलली, चांगदेवने पायाकडून. तात्यांचं अंग हलकं झालेलं होतं, कॉटच जड.

मी उलट्या पावलांनी उंबऱ्याबाहेर आलो. अर्धी कॉट बाहेर आली आणि अडकली.

तात्यांनी दाराची चौकट धरली होती. उजव्या हाताने. तो हात तीन वर्षं मी उचलून पुसायचो आणि उचलून ठेवायचो.

"तात्या!" मी ओरडलो. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

चांगदेवने कॉट खाली ठेवली. तो आतल्या बाजूला होता, नदीकडे. तो पुढे आला आणि त्या हातावर वाकून एकेक बोट सोडवायला लागला. आवाज चढवला नाही.

"तात्या, सोडा," तो म्हणत होता. "लई धरलं. सोडा आता."

बोटं सुटली. तात्यांनी चौकट सोडली आणि त्याच हाताने चांगदेवचं मनगट धरलं.

जमिनीवर, जिथून सुतळी गेली होती तिथे, फरशी उलत आली. डावीकडून उजवीकडे, चालत्या माणसाच्या गतीने. मी अलीकडे होतो. चांगदेव पलीकडे, एक गुडघा टेकलेला, हात ओढत होता आणि हात येत नव्हता. "भाऊ," तो मला म्हणाला, एवढंच. माझ्यासमोर दोन माणसं होती. एकाला वाचवायचं तर दुसऱ्याच्या मुठीतून, आणि वेळ फरशीची भेग माझ्यापर्यंत येईल तेवढाच होता.

मी कॉटवर गुडघा रोवला, तात्यांचा अंगठा दोन्ही हातांत धरला आणि मागे वळवला. तो मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. इतर सगळे आवाज चालू असताना ऐकू आला. मूठ उघडली. मी चांगदेवला काखेत धरून उंबऱ्याच्या अलीकडे ओढलं आणि आम्ही दोघं पाठीवर पडलो.

खोली गेली. भिंत, खिडकी, पत्रा, सगळं बाहेरच्या अंगाला वाकून गेलं. आणि दार असलेल्या जागेतून, धुळीतून आणि पावसातून, मला ते दिसले. पाठमोरे. उभे. खाली जमीन नव्हती तिथे ते उभे होते, दोन्ही हात कमरेजवळ पुढे, खाली दाब देऊन, आणि चालत होते. पाठ सरळ होती. ती पाठ मी कधीच पाहिली नव्हती, कारण मी कायम पुढे चालायचो. टोकाला पोचल्यावर ते वळायला लागले, आणि मी डोळे मिटले.

कॉट उभी झाली असेल, तिला चादर गुंडाळलेली होती. मी तसंच धरून चालतो.

बाहेर आलो तर आई ट्रॉलीत छत्री धरून बसली होती. तिने मला विचारलं, "सरळ गेलं का रे?"

७

तात्या तिसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्याला सापडले. त्यानंतर काठ तसा रेषेत ढासळला नाही. पाणी आलं, गेलं, चार वेडेवाकडे घास घेतले, नद्या घेतात तसे.

पंचनाम्याला तलाठी आले, सोबत चौकीतला एक हवालदार. चांगदेवच्या ओट्यावर सतरंजी टाकली. तलाठ्याने लिहिलं, पुराच्या पाण्याने जमीन खरवडून गेली, घर पडलं, एक इसम वाहून गेला. मला वाचून दाखवलं. मी एकोणतीस वर्षं असे कागद लिहिले होते, एक शब्द चुकीचा नव्हता.

हवालदाराने कागद पुढे घेतला. "डॉक्टरनी लिवलंय, उजव्या हाताचा अंगठा मोडलेला हाय. बाकी अंगावर कुटं काय न्हाई. ह्ये कसं झालं?"

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं, देवाशपथ सांगायचं होतं. आतून आईच्या खोकल्याचा आवाज आला. मी तोंड मिटलं.

"वाहत येताना दगडाला लागला असंल," चांगदेव म्हणाला. "दगड लई हायत तिथं."

हवालदाराने मान हलवली. तलाठ्याने पंचाच्या सहीची जागा बोटाने दाखवली. चांगदेवने उजवा हात पुढे केला. मनगटावर चार बोटांचे काळेनिळे वळ होते, सहा दिवस झाले तरी ताजे. त्याने सदऱ्याची बाही तळहातापर्यंत खाली ओढली, माझ्याकडे न बघता पेन घेतलं आणि सही केली.